एका अक्षराचे तीन आकडे

मागच्या भागात शेअर केलेल्या फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या. आता फाइलींच्या नावांचा घोळ.

'कॅफे' लिहिताना फ्रेंच माणूस शेवटच्या 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ देतो. संगणकाला रेघ कळत नाही, आकडा कळतो; आणि या 'ई'चा आकडा सगळीकडे एकच नव्हता. डॉसच्या पश्चिम युरोपीय कोडपेज ८५० मध्ये तो १३०, युनिक्सवर रुळलेल्या लॅटिन-१ मध्ये २३३. यूटीएफ-८ मध्ये तर दोन बाइट लागतात : १९५ आणि १६९.

लिनक्सची फाइल सिस्टीम या भानगडीत पडतच नाही. तिच्या लेखी नाव म्हणजे बाइटची ओळ. ते बाइट कोणत्या तक्त्याप्रमाणे वाचायचे, याची नोंद ती ठेवत नाही. त्यामुळे लॅटिन-१ मधलं २३३ कोडपेज ८५० ने वाचलं की 'ई'च्या जागी रेघवाला मोठा 'यू' उमटतो. यूटीएफ-८ मधलं नाव लॅटिन-१ ने वाचलं, तर एकाची दोन अक्षरं होतात : नागमोडी रेघेचा 'ए' आणि त्याला चिकटून चक्क कॉपीराइटचं चिन्ह!

विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरच्या फाइली पुरवणारा सांबा हा दुभाषा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात केली. सांबाच्या दुसऱ्या आवृत्तीत अक्षरसंच सांगितला नाही, तर विंडोजकडून आलेला १३० तसाच डिस्कवर जाई. २००३ च्या ३.० आवृत्तीपासून विंडोजशी बोलणं युनिकोडमध्ये होऊ लागलं आणि डिस्कवरच्या नावांसाठी यूटीएफ-८ गृहीत धरलं गेलं. सर्व्हर अद्ययावत केला आणि जुनी नावं विस्कटली, ती इथे.

सेटिंग एका ओळीचं आहे : सांबाच्या कॉन्फिग फाइलीत, ग्लोबल विभागात, 'युनिक्स कॅरसेट'पुढे यूटीएफ-८. तिथे ८५० लिहूनही जुनी नावं सरळ दिसतात, पण त्या कोडपेजमध्ये युरोचं चिन्हच नाही. शिवाय ही ओळ डिस्कवरच्या जुन्या नावांना हात लावत नाही. ती बदलण्यासाठी 'कॉन्व्हएमव्ही' हे छोटं साधन वापरतात. कोणत्या संचातून कोणत्या संचात जायचं ते त्याला सांगावं लागतं. नुसतं चालवलं तर ते काय काय बदलेल एवढंच दाखवतं. 'नोटेस्ट' हा पर्याय दिल्यावरच खरोखर नावं बदलतं. आधीच यूटीएफ-८ मध्ये असलेली नावं ते वगळतं, म्हणून अर्धवट राहिलेलं काम पुन्हा चालवता येतं.

मॅकची तऱ्हा वेगळी. त्याच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टीमवर हे अक्षर सुटं करून ठेवलं जाई : आधी साधा 'ई', मग रेघ. असं नाव आरसिंक या फाइली कॉपी करण्याच्या साधनाने जसंच्या तसं लिनक्सवर आलं, की एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब दिसणाऱ्या दोन 'कॅफे' फाइली नांदू शकतात. कॉन्व्हएमव्हीला 'एनएफसी' पर्याय दिला की सुटे भाग जोडले जातात.

मराठी नावांना आणखी एक अडचण आहे. लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि उकार-अनुस्वारही वेगळे मोजले जातात. 'मुंबई' म्हणजे १५ बाइट. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं बसतात, त्यामुळे तिथे सुखाने राहणारी लांबलचक मराठी नावाची फाइल सर्व्हरवर टाकताना अडते. बॅकअप घेतानाही हाच प्रश्न येतो. तो पुढच्या भागात.