चाक बघायचं, तोंड नाही

दुपारी साडेबाराच्या सुमाराला पुण्यातल्या एका शाळेच्या फाटकाशी दोन शाळा एकमेकींना भिडतात. सकाळचं सत्र सुटलेलं असतं, दुपारचं भरायचं असतं. बाहेर पडणारी मुलं, आत शिरणारी मुलं, रिक्षावाले काका, व्हॅनवाले काका, स्कूटर चालूच ठेवून एक पाय टेकवून उभे असलेले पालक, आणि पलीकडे चार पदरी रस्ता. त्याला शाळा सुटल्याचं काही सोयरसुतक नाही. पादचारी पट्टा फाटकापासून पंधरा-वीस पावलांवर आहे. त्याच्या तोंडाशी शाळेचे शिपाई उभे असतात. मुलं त्यांना मामा म्हणतात. गळ्यात शिट्टी, हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवरून त्यांचं काम नीट दिसतं.

पाटी वर केली की गाड्या थांबत असतील, असं लांबून वाटतं. तसं काही होत नाही. मामा गाड्यांच्या आधी मुलांना थांबवतात. एकट्यादुकट्याला सोडायचं नाही. पंधरा-वीस जण जमेपर्यंत सगळ्यांना फुटपाथच्या कडेच्या आत धरून ठेवायचं. कोणी दप्तर ओढतं, कोणी पुढे सटकायला बघतं, त्याच्या खांद्यावर नुसता हात येतो. घोळका चालकाच्या नजरेत भरतो, एकटं मूल भरत नाही. पहिलीतलं पोर जेमतेम पावणेचार फुटांचं. उभ्या व्हॅनच्या आड ते चालकाला दिसत नाही आणि त्यालाही रस्ता दिसत नाही.

घोळका जमला की मामा येणाऱ्या वाहनांतलं एक निवडतात. शक्यतो पीएमपीची बस. चालक उंचावर बसलेला असल्याने त्याला मुलं लांबूनच दिसतात, आणि बस थांबली की तिच्या मागचं सगळं अडतं. खरा धोका मात्र इथूनच सुरू होतो. बस का थांबली हे मागच्या दुचाकीवाल्याला कळत नाही; प्रवासी घेत असेल असं समजून तो बाजूने सुसाट पुढे येतो. म्हणून मामा बससमोर घुटमळत नाहीत. ते थेट बसच्या पलीकडच्या कडेपर्यंत जातात, मान बाहेर काढून मागे पाहतात, पाटी त्या न दिसणाऱ्या दुचाकीसाठी आडवी धरतात आणि मगच दुसऱ्या हाताने मुलांना खूण करतात. लांब शिट्टी गाड्यांना, दोन तुटक शिट्ट्या मुलांना. मुलांना हे पाठ आहे. गाडीवाल्यांना नाही.

समोरचा थांबणार की नाही, हे कसं ओळखता, असं मी त्यांना विचारलं.

"चाक बघायचं, तोंड नाही," मामा म्हणाले. "तोंड हेल्मेटात असतं, नाहीतर मोबाइलात. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली बसतं. ते बसलं नाही तर पोरं सोडायची नाहीत."

ही नजर लहान मुलांकडे नसते, आणि ती शिकवून चटकन येतही नाही. स्टीना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ महिलेने १९६० च्या दशकात मुलं रस्त्यावर कशी वागतात याचा बारकाईने अभ्यास केला. तिचं म्हणणं असं, की लहान मुलाला कितीही शिकवलं तरी त्याला वाहतुकीच्या मापात बसवता येत नाही. वाहतूकच मुलाच्या मापाची करावी लागते. आपण मात्र अजूनही 'उजवीकडे बघ, डावीकडे बघ' एवढं पाठ करून घेतो आणि निश्चिंत होतो.

चौदा मीटर रुंदीचा रस्ता धरा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर तो ओलांडायला सुमारे बारा सेकंद लागतात. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली असली तर आणखी जास्त. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जाते, म्हणजे बारा सेकंदांत दीडशे मीटरच्याही पुढे. ओलांडायला सुरुवात करताना जी गाडी चौकात खेळण्याएवढी दिसत होती, ती मूल मधोमध असताना अंगावर आलेली असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

फाटकाशी पांढऱ्या गणवेशातली, टोपी घातलेली आरएसपीची, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची, मुलंही असतात. नववी-दहावीची. शिस्तीत उभी राहतात, खालच्या वर्गांतल्या मुलांवर त्यांचा चांगला वचक असतो. पण त्यांचं काम फुटपाथवर संपतं, संपलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाने रस्त्यात उतरून डंपर अडवावा, ही अपेक्षाच चूक आहे. मामा त्यांना कडेच्या खाली पाय ठेवू देत नाहीत, हे मला फार आवडलं.

मामांना तरी गाड्या अडवायचा अधिकार कुठे आहे? ते ना पोलिस, ना वॉर्डन. ब्रिटनमध्ये शाळेसमोर पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी १९५३ मध्ये वेगळा कायदा झाला. त्याची पाटी दिसूनही गाडी न थांबवणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडेही जिथे सिग्नल नाही अशा पादचारी पट्ट्यावर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असं वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत लिहिलेलं आहे. कागदावर मामांची गरजच नाही. प्रत्यक्षात पाटी आडवी असताना हॉर्न वाजवणारे, 'कोण रे तू' असं विचारणारे रोज भेटतात. त्यांच्यापैकी काहींच्या मागच्या सीटवर याच शाळेचा गणवेश असतो!

पट्टेही अर्धे पुसलेले आहेत. पांढऱ्या पट्ट्यांचा हा रंग साधा नसतो. गॅसच्या शेगडीवर वितळवून तो अडीच मिलिमीटर जाडीचा ओततात आणि वर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणजे रात्री दिव्यांत पट्टा चमकतो. पण केवळ रंगाने गाडी थांबत नाही. गाडी थांबते ती रस्त्याच्या उंचवट्याने. इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होत नाही, भरधाव जाणाऱ्याला होतो. आपल्या गल्लीबोळांत जे कंबरडं मोडणारे उभे उंचवटे दिसतात, त्यांचा या मापाशी काही संबंध नाही. त्याहून चांगली सोय म्हणजे पादचारी पट्टाच फुटपाथच्या उंचीला आणणं. मग मूल रस्त्यात उतरत नाही, गाडीलाच फुटपाथवर चढून जावं लागतं. सोबत मधोमध दुभाजकात थांबायला जागा केली तर चौदा मीटर एका दमात ओलांडायला नकोत. सात-सातचे दोन टप्पे होतात. यात न जमण्यासारखं काही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९८-अ आहे. रस्त्याच्या रचनेतल्या वा देखभालीतल्या हलगर्जीपणामुळे जीव गेला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात होण्याआधी हे कलम कोणी उघडून पाहत असेल, असं वाटत नाही.

एका शिपायाच्या शिट्टीवर चार पदरी रस्ता सोपवणं ही व्यवस्था नव्हे. मामा आजारी पडले की त्या दिवशी पट्ट्यावर कोणीही नसतं. शाळांच्या पालक-शिक्षक संघांनी सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या चर्चेतून थोडा वेळ काढून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे उंच पट्ट्याची आणि दुभाजकातल्या जागेची लेखी मागणी करावी, आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. तो पट्टा होईपर्यंत पालकांनी आपली गाडी फाटकासमोर, पट्ट्याच्या तोंडावर लावू नये. शंभर पावलं अलीकडे थांबवावी आणि मुलाचा हात धरून चालत यावं.