भांडखोर चौघांचा एक सूर

आयोवातल्या एका गावात नवा आलेला माणूस स्वतःला प्रोफेसर म्हणवतो. पोरांचा बँड उभा करतो, असं सांगून वाद्यांचे आणि गणवेशांचे पैसे गोळा करतो. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही. शाळामंडळाचे चार सभासद त्याची प्रमाणपत्रं मागायला येतात. या चौघांचं आपसात कधीच पटलेलं नाही. प्रोफेसर त्यांना एकेक स्वर देतो, त्या स्वरात ‘आइस्क्रीम’ एवढंच म्हणायला लावतो, आणि चार स्वर एकत्र लागताच चौघेही थक्क होतात. ते गायला लागतात, हा सटकतो. पुढे नाटकभर हेच चालतं. ते कागद मागायला आले, की हा त्यांना गाण्याच्या नादी लावतो.

मेरेडिथ विल्सनचं ‘द म्युझिक मॅन’ १९ डिसेंबर १९५७ रोजी ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे १,३७५ प्रयोग झाले. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार त्याने ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या हातून हिसकावला. (बीटल्सनी गायलेलं ‘टिल देअर वॉज यू’ याच नाटकातलं.) संगीतिकेत एरवी शब्द अपुरे पडले, की पात्रं गायला लागतात. विल्सनने गाण्याचाच सापळा केला. गंमत अशी की या ठकाने गावाला दिलेला एकमेव अस्सल माल म्हणजे ही चौकडी, आणि तिचे पैसे त्याने घेतलेलेच नाहीत.

ही चौकडी गाते ती बार्बरशॉप गायकी. तिच्यात वाद्य नसतं. चाल ‘लीड’ गातो, त्याच्या वर हलक्या आवाजात ‘टेनर’, तळाशी ‘बास’. उरलेले स्वर ‘बॅरिटोन’च्या पदरी पडतात. कधी लीडच्या वर, कधी खाली, अशी त्याची वाट वेडीवाकडी. एकटीच ऐकली तर ती चाल वाटतच नाही. या गायकीचा सारा जीव ‘सेव्हंथ कॉर्ड’ या चार स्वरांच्या मेळात. त्यातला कोमल निषाद पियानोवरच्यापेक्षा किंचित उतरलेला लागतो, आणि तो नेमका लागला की चौघांच्या आवाजातले उपस्वर एकमेकांवर बसून कुणीच न गायलेला वरचा स्वर ऐकू येतो. जुळलेल्या तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे नवल समजावून सांगायला नको. बार्बरशॉपचे जाणकार या न गायलेल्या स्वराला ‘रिंग’ म्हणतात.

चार चांगले गायक उभे केले म्हणून रिंग येत नाही. त्याला सहवास लागतो. म्हणून ब्रॉडवेवर शाळामंडळाच्या भूमिकांत नट नव्हते, ‘बफेलो बिल्स’ ही बार्बरशॉप स्पर्धेतली १९५० सालची विजेती चौकडीच होती. तिचा लीड अ‍ॅल शे बफेलोत पोलीस होता. आज हे नाटक करणाऱ्या बहुतेक संस्था चार वेगवेगळे नट निवडतात आणि तालमीत त्यांची मोट बांधतात. विनोद साधतो, रिंग क्वचितच.

रंगमंचावरच्या या चित्रात एक मोठी गाळलेली जागा आहे. या गायकीची मुळं कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गल्ल्यांत आणि केशकर्तनालयांत आहेत. लुई आर्मस्ट्राँगही लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशा चौकडीत गायचा. १९३८ साली टल्सा इथे या कलेच्या जतनासाठी संस्था निघाली, पण तिची दारं गोऱ्यांपुरतीच उघडी राहिली. १९४१ साली न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकलेल्या ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ या कृष्णवर्णीय चौकडीला संस्थेने राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. हा वर्णभेद १९६३ साली संपला. ‘म्युझिक मॅन’चे प्रयोग जोरात होते, तेव्हा तो कायम होता. नाटकाने गोऱ्या, सालस खेड्याची १९१२ सालची जी आठवण रंगवली, तीच पुढे या गायकीचा इतिहास म्हणून खपली. विल्सनचा तसा हेतू नसेल, पण परिणाम झाला तो झाला.

या नाटकावरच्या १९६२ च्या चित्रपटातही ‘बफेलो बिल्स’च आहेत. त्यातलं ‘लिडा रोझ’ जरूर ऐका. पहिल्यांदा चालीसाठी, दुसऱ्यांदा फक्त बॅरिटोनवर कान ठेवून.