निवडणूक कारखान्याची होते, पक्षाची होत नाही

बार्शी विधानसभा मतदारसंघात गेली वीस वर्षे लढत एकच आहे : दिलीप सोपल विरुद्ध राजेंद्र राऊत. बदलतात ती चिन्हे. 2004 मध्ये राष्ट्रवादीच्या सोपलांना हरवून राऊत शिवसेनेचे आमदार झाले. 2009 मध्ये सोपल अपक्ष म्हणून निवडून आले, 2014 मध्ये पुन्हा राष्ट्रवादीकडून. 2019 मध्ये सोपलांनी आमदारकीचा राजीनामा देऊन शिवबंधन बांधले. ज्या शिवसेनेने राऊतांना पहिल्यांदा विधानसभेत नेले होते, तिचे उमेदवार आता सोपल होते. राऊत अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. 2024 येईपर्यंत शिवसेनाच दुभंगलेली होती, त्यामुळे दोघेही शिवसेनेचेच निघाले, सोपल ठाकऱ्यांच्या आणि राऊत शिंद्यांच्या. या वेळी सोपल जिंकले. असा इतिहास सांगितला की ऐकणारा ‘निष्ठा राहिली नाही’ असे म्हणून मोकळा होतो. हे निदान मला अपुरे वाटते. माणसांच्या स्वभावाला दोष देण्याआधी ज्या घरात ती राहतात त्याची रचना पाहायला हवी. सोलापूर जिल्ह्यातले पक्षांतर मुख्यतः एका उणिवेतून येते असे माझे म्हणणे आहे : आपल्या पक्षांत आतल्या आत हरण्याची सोय नाही. सहकाऱ्यांनी मोजून नाकारले, आकडा समोर आला, आता पाच वर्षे थांबू, असे म्हणण्याची जागाच नाही म्हणून माणूस बाहेर पडतो.

ही सोय म्हणजे काय, ते ब्रिटनमधील हुजूर पक्षाकडे पाहिले की स्पष्ट होते. 20 नोव्हेंबर 1990 रोजी मार्गारेट थॅचर यांच्या नेतृत्वाला मायकेल हेसेल्टाइन यांनी आव्हान दिले. मतदार होते पक्षाचे खासदार. थॅचर यांना 204 मते पडली, हेसेल्टाइन यांना 152. बहुमत असूनही पक्षाच्या नियमाने ठरवलेली आघाडी गाठायला त्यांना चार मते कमी पडली आणि दोन दिवसांत, साडेअकरा वर्षे पंतप्रधान राहिलेल्या या बाईंनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या फेरीत हेसेल्टाइनही जॉन मेजर यांच्याकडून हरले. आपल्याकडे अशा माणसाने आठवड्याभरात नवा झेंडा हाती घेतला असता. हेसेल्टाइन मेजर यांच्या मंत्रिमंडळात बसले आणि 1995 मध्ये उपपंतप्रधान झाले. 2022 मध्ये ऋषी सुनक पक्षसदस्यांच्या मतदानात लिझ ट्रस यांच्याकडून हरले. मते होती 60,399 विरुद्ध 81,326. ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि सात आठवड्यांत पंतप्रधान झाले. हे लोक आपल्यापेक्षा अधिक निर्मोही आहेत असे मानायचे कारण नाही, तिथले डावपेच आणि पाठीत खुपसलेले सुरे प्रसिद्धच आहेत. फरक एवढाच की तिथे पराभवाला आकडा असतो, आणि हरलेल्याला पुढच्या संधीची तारीख नसली तरी वाट ठाऊक असते.

आता 2024 चे सोलापूर दक्षिण पाहू. काँग्रेसच्या यादीत दिलीप माने यांचे नाव जाहीर झाले, पण एबी फॉर्म काही त्यांच्या हाती पडला नाही. ज्यांना प्रक्रिया ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : ‘ए’ फॉर्मवर पक्षाच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे त्याची सही असते, ‘बी’ फॉर्मवर त्या अधिकाऱ्याने उमेदवाराचे नाव लिहिलेले असते, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे दोन्ही कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले नाहीत तर यादीतल्या नावाला काहीच किंमत उरत नाही. महाविकास आघाडीत जागा ठाकऱ्यांच्या शिवसेनेला गेली, उमेदवार अमर पाटील झाले. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचे धर्मराज काडादी अपक्ष उभे होते. 2023 च्या जूनमध्ये विमानतळासाठी पाडलेल्या कारखान्याच्या चिमणीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. 20 नोव्हेंबरला मतदान सुरू असताना सुशीलकुमार शिंदे आणि खासदार प्रणिती शिंदे यांनी काडादींना पाठिंबा जाहीर केला. आघाडीचा अधिकृत उमेदवार एक, आघाडीतल्या मोठ्या पक्षाचा जिल्ह्यातला कौल दुसऱ्याला, आणि निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. या सगळ्या प्रवासात दक्षिण सोलापूरच्या एकाही काँग्रेस कार्यकर्त्याला मत विचारले गेले नाही. सही दुसरीकडे होती.

याच जिल्ह्यात, याच कुटुंबांमध्ये, अगदी वेगळ्या तऱ्हेची निवडणूकही होते. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होते. ऊस उत्पादक सभासदांची प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात, मयत आणि थकबाकीदार यांवर रीतसर वाद होतो, मग अंतिम यादी लागते. एका सभासदाला एक मत. पॅनल पडले की पडले, चेअरमन बदलतो. सोलापूर जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत, आणि माझ्या मते जिल्ह्याची खरी पक्षांतर्गत निवडणूक तिथेच होते. पंढरपूरच्या विठ्ठल कारखान्याचा क्रम पाहा. भारत भालके आमदार आणि कारखान्याचे चेअरमन होते. 2020 मध्ये त्यांचे निधन झाले. 2021 च्या पोटनिवडणुकीत मुलगा भगीरथ 3,733 मतांनी हरले. 2022 मध्ये कारखानाही भालके गटाच्या हातून गेला, सभासदांनी अभिजित पाटलांच्या पॅनलला कौल दिला. दोन वर्षांत तेच पाटील माढ्याचे आमदार झाले. नेतृत्वाचा बदल आधी उसाच्या सभासदांनी केला, पक्षाने त्यावर नंतर चिन्ह उमटवले.

अर्थात कारखान्यातून आलेले नेतृत्व कर्जाच्या दोरीलाही बांधलेले असते. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना, राज्य सहकारी बँकेने थकबाकीपोटी विठ्ठलच्या साखर गोदामांना सील ठोकले. पाटील तोवर शरद पवारांबरोबर होते. सील लागल्यावर ते देवेंद्र फडणवीसांना भेटले आणि त्यांनी भाजपला पाठिंबा जाहीर केला. काही महिन्यांनी ते पवारांच्या पक्षाची उमेदवारी घेऊन माढ्यात जिंकले. गोदामात अडकलेल्या साखरेवर शेतकऱ्यांचे बिल आणि कामगारांचा पगार अवलंबून असतो, हे लक्षात घेतले तर त्यांच्या भूमिकेवर झटकन शिक्का मारता येत नाही. ज्या नेत्याचा पाया पक्षाच्या सभासदांत नसून कारखान्याच्या ताळेबंदात आहे, त्याला हलवायला पक्षात चर्चा करावी लागत नाही. मला हे सर्वांत चिंताजनक वाटते.

पक्षाच्या आत मतदान नसण्याची किंमत निवडणूक आयोगाच्या निकालातही दिसली. 17 फेब्रुवारी 2023 रोजी शिवसेना कोणाची हे ठरवताना आयोगाने पक्षाच्या घटनेतील लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवले. पदाधिकारी निवडून न येता नेमले गेलेले, त्यामुळे संघटनेतले बहुमत मोजून निर्णय करता येईना. उरले विधिमंडळ : 55 पैकी 40 आमदार शिंद्यांकडे. त्या चाळिसांत सांगोल्याचे शहाजीबापू पाटील होते, गुवाहाटीहून झालेल्या फोनमुळे महाराष्ट्रभर पोहोचलेले. राष्ट्रवादीचा निकालही 6 फेब्रुवारी 2024 रोजी विधिमंडळातल्या बहुमतावरच लागला. सांगोल्याच्या शाखेत वर्षानुवर्षे सतरंज्या घालणाऱ्या शिवसैनिकाचे मत या मोजणीत कुठेच नव्हते.

यावर पहिला आक्षेप येईल तो ब्रिटनच्याच अनुभवाचा. 2016 ते 2024 या काळात तिथे पाच पंतप्रधान झाले, आणि पक्षसदस्यांनी निवडलेल्या ट्रस यांनी सात आठवड्यांत देशाच्या अर्थव्यवहाराला हादरा दिला. आक्षेप खरा आहे. सदस्यांचे मत म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे. पण चूक उघड झाल्यावर ती दुरुस्त करणारेही त्याच पक्षाचे खासदार होते, त्यासाठी पक्ष फोडावा लागला नाही. मजूर पक्षाने 2023 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारी नाकारली आणि पुढच्या वर्षी ते अपक्ष म्हणून निवडून आले, म्हणजे वरून लादणे तिथेही चालते. पण तिथे तो वादाचा विषय होतो, इथे तो रिवाज आहे. दुसरा आक्षेप पक्षांतरबंदी कायद्याचा. 1985 ची दहावी अनुसूची निवडून आलेल्याला बांधते. उमेदवारीच्या आठवड्यात कोण कुठे गेला याच्याशी तिचा संबंध नाही, आणि बार्शीतली बहुतेक स्थलांतरे त्याच आठवड्यांतली.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इथला मतदार माणूस पाहतो, पक्ष नाही, मग पक्षात निवडणुका घेऊन काय साधणार? याला सोलापुरातच दोन उत्तरे आहेत. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना 1962 पासून अकरा वेळा निवडून दिले, ते कायम शेतकरी कामगार पक्षाचेच. 1972 आणि 1995 मध्ये ते हरले, 1995 मध्ये तर अवघ्या 192 मतांनी, पण पक्ष बदलला नाही. 2019 मध्ये त्यांनी थांबायचे ठरवल्यावर शेकापने आधी दुसऱ्याच कार्यकर्त्याचे नाव जाहीर केले, मग कार्यकर्त्यांच्या रेट्यापुढे नातू अनिकेत यांना उभे केले. निर्णय घराण्याकडेच वळला हे मान्य, पण तो सांगोल्यात झाला. ते 768 मतांनी हरले आणि 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच जिंकले. दुसरे उत्तर नरसय्या आडम मास्तरांचे. जानेवारी 2019 मध्ये कामगारांच्या रे नगर घरकुलांच्या कार्यक्रमात पंतप्रधान मोदींची स्तुती केल्याबद्दल माकपने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. तीन वेळा आमदार राहिलेल्या, हजारो कामगारांना घरे मिळवून देणाऱ्या नेत्याने ती शिक्षा भोगली आणि त्याच पक्षाकडून पुढची विधानसभा लढवली. माकपची सोलापुरातली ताकद त्याने वाढली नाही, हेही सांगायला हवे. नियम पाळणारा पक्ष निवडणूक जिंकतोच असे नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, मल्लिकार्जुन खरगे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते पडली. त्या वेळी पक्षातल्याच काही नेत्यांनी मतदारयादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करा अशी मागणी केली होती. विठ्ठल कारखान्याच्या सभासदाला जो हक्क कायद्याने मिळतो, तो देशाच्या सर्वांत जुन्या पक्षाच्या सदस्याला मागावा लागला. विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली, ती तशीच पडून आहे. सरकार पक्षांच्या कारभारात नाक खुपसेल ही भीती रास्त आहे, आणि सहकारात प्रशासक नेमण्याचे राजकारण पाहिलेल्या जिल्ह्याला तर ती अधिक कळते. पण जर्मनीत लोकसभेचा उमेदवार मतदारसंघातल्या पक्षसदस्यांच्या वा त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने निवडावा लागतो, कायद्याने, आणि तिथले पक्ष सरकारचे बटीक झालेले नाहीत. सुरुवात त्याहून लहान करता येईल : प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाने आपल्या सदस्यांची तालुकावार यादी पक्ष कार्यालयात लावावी, हरकतींना मुदत द्यावी, आणि एबी फॉर्म देण्याआधी त्या यादीतल्या लोकांचे गुप्त मतदान घ्यावे.