परदेशी मालक, इंग्लिश क्लब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे चिकन आणि अंड्यांमुळे आपल्या ओळखीच्या 'वेंकीज'ने, इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब 2.3 कोटी पौंडांना विकत घेतला. क्लबवरचे जवळपास 2 कोटी पौंडांचे कर्जही त्यांनी शिरावर घेतले. 1888 मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या 12 संस्थापक क्लबांपैकी हा एक. अशी खरेदी झाली की तिकडचे चाहते एक बोलतात, आपल्याकडचे दुसरेच बोलतात, आणि दोन्हीकडे ऐकीव गोष्टींचा भरणा फार असतो. शनिवार-रविवारी रात्री जागून प्रीमियर लीग पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तरी त्या एकदा तपासून घ्याव्यात.

"परदेशी आले आणि खेळाचा धंदा झाला"

हा समज सर्वांत जुना आणि इंग्लंडमध्ये सर्वांत लाडका. खरे तर इंग्लिश क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मर्यादित कंपन्या होऊ लागले होते. फक्त तेव्हाच्या फुटबॉल असोसिएशनला धोका कळला होता. भागधारकांना ठरावीक टक्क्यांपलीकडे लाभांश द्यायचा नाही आणि संचालकांनी पगार घ्यायचा नाही, अशी बंधने तिने घातली. 34 वा नियम म्हणून ती ओळखली जातात. क्लब चालवणे हे गावचे काम आहे, कमाईचे साधन नव्हे, हा त्यामागचा विचार.

ही बंधने मोडली ती इंग्रजांनीच. 1981 मध्ये संचालकांना पगार घ्यायची मुभा मिळाली. 1983 मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने क्लबच्या डोक्यावर एक वेगळी कंपनी उभी केली आणि तिचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आणले. नियम क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नाही. असोसिएशनने ही पळवाट चालू दिली. 1991 मध्ये मँचेस्टर युनायटेड त्याच वाटेने गेला, 1992 मध्ये मोठ्या क्लबांनी दूरचित्रवाणीचा पैसा आपल्याकडे ठेवण्यासाठी प्रीमियर लीग वेगळी काढली. इजिप्तचे मोहम्मद अल-फायेद यांनी फुलहॅम घेतला तो त्यानंतर, 1997 मध्ये. रोमन अब्रामोविच चेल्सीत आले 2003 मध्ये, आणि तो क्लब त्यांना विकणाऱ्या केन बेट्स यांनी 1982 मध्ये तो 1 पौंडाला घेतलेला होता. घर आधीच विक्रीला काढलेले होते. गिऱ्हाईक बाहेरचे मिळाले इतकेच.

जर्मनीत असे झाले नाही, कारण तिथे 50 अधिक 1 हा नियम आहे. मोजके अपवाद सोडले तर मतांचे बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहते. पैसेवाला हिस्सा घेऊ शकतो, पण हुकूम चालवू शकत नाही.

"मालक म्हणजे अरब शेख नाहीतर रशियन धनाढ्य"

चित्रपटात शोभेल असे हे चित्र आहे. प्रीमियर लीगच्या साधारण निम्म्या क्लबांत आज अमेरिकी भांडवल आहे: आर्सेनलमध्ये क्रोंके, लिव्हरपूलमध्ये फेनवे, मँचेस्टर युनायटेडमध्ये ग्लेझर कुटुंब, लीड्समध्ये फोर्टीनाइनर्स. फुलहॅमचे शाहिद खान जन्माने पाकिस्तानी, नागरिकत्वाने अमेरिकी. नॉटिंगहॅम फॉरेस्ट ग्रीक जहाजमालकाकडे आहे. ब्रायटनचे टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनहॅम मात्र लहानपणापासून त्याच क्लबांचे चाहते.

आखाती मालकीबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण तिथे प्रश्न श्रीमंतीचा उरत नाही. 2008 मध्ये मँचेस्टर सिटी घेणारे शेख मन्सूर हे अबू धाबीच्या राजघराण्यातले. 2021 मध्ये न्यूकॅसलचा 80 टक्के हिस्सा घेतला तो सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने. सौदी राज्यसत्ता क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने तेव्हा जाहीर केले. त्या निधीच्या अध्यक्षपदी सौदीचे युवराज आहेत, तेव्हा ही हमी मला पटत नाही. 2025 मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला, 1955 नंतरचा त्यांचा पहिला मोठा देशांतर्गत चषक. सत्तर वर्षे वाट पाहिलेल्या त्या शहराचा आनंद खोटा नव्हता. पण एखाद्या राज्यसत्तेला आपली प्रतिमा उजळायला क्लब हवा असेल, तर तिच्या तुरुंगांबद्दल विचारणेही फुटबॉलचाच भाग होते.

"परदेशी मालक स्वतःचा पैसा ओततो"

कोणी ओततो, कोणी उपसतो, आणि गोंधळ नेमका इथे आहे. माल्कम ग्लेझर यांनी 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला, पण त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्या माथी मारले गेले. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हते. म्हणजे तिकीट काढून येणारा चाहता आपल्याच क्लबच्या खरेदीचे व्याज भरू लागला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा नवा क्लब काढला.

लिव्हरपूलमध्येही 2007 मध्ये हिक्स आणि जिलेट या अमेरिकी जोडीने कर्जावर क्लब घेतला. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या विरोधाला न जुमानता क्लब 30 कोटी पौंडांना दुसऱ्या अमेरिकी गटाला विकला गेला. त्याच गटाच्या काळात लिव्हरपूलने 30 वर्षांनी लीग जिंकली. दोन्ही मालक अमेरिकीच. फरक कर्ज कोणाच्या नावावर होते याचा.

अब्रामोविच यांनी चेल्सीला सुमारे 150 कोटी पौंड कर्जाऊ दिले होते. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध आणले, तेव्हा क्लबला नवी तिकिटे विकायचीही परवानगी राहिली नव्हती. पुढे क्लब 250 कोटी पौंडांना विकला गेला आणि कर्जावर त्यांनी पाणी सोडले. एका माणसाच्या खिशावर चालणारा क्लब, तो खिसा गोठला की एका दिवसात कसा थांबतो, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिले.

"वेंकीजने ब्लॅकबर्न लुटला"

तिकडे हे म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, "आपली माणसे आहेत म्हणून गोऱ्यांना खुपते." दोन्ही चुकीचे आहे.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले जुने गिरणगाव. एकेकाळी तिथल्या मागांवर भारतात विकायची धोतरे विणली जात. शहर लहान, पण 1995 मध्ये त्यांचा क्लब प्रीमियर लीगचा विजेता ठरला होता. ती जिद्द जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यापाऱ्याची. 2000 मध्ये ते गेले, त्यांच्या विश्वस्त संस्थेला क्लब झेपेना, आणि वेंकीजच्या राव कुटुंबाने तो घेतला.

पुढचा महिनाच सारे काही सांगून जातो. संघ तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे त्या क्लबाच्या ऐपतीला ठीकच. तरी डिसेंबर 2010 मध्ये अनुभवी सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढले आणि मुख्य व्यवस्थापकपदाचा अनुभव नसलेले संघाचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना बसवले. पुढच्या वर्षी क्लबचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये वेंकीजचे चिकन खाताना जाहिरातीत दिसले. मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. त्याच संध्याकाळी ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला. कीन यांच्या जागी आलेले हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या स्तरावर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबाची अशी गत त्याआधी कधी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी तो पुन्हा वर चढला, पण प्रीमियर लीगमध्ये परतला नाही.

आता पैशाचे. क्लब दरवर्षी तोट्यात जातो आणि तो तोटा पुण्याहून भरला जातो. आजवर 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली आहे, आणि दिलेल्या कर्जाचा मोठा भाग भागभांडवलात बदलला आहे. परतफेडीचा तगादा नाही. क्लबची नावाजलेली युवा अकादमीही टिकून आहे. याला लूट म्हणता येत नाही. नुकसान झाले ते अज्ञानाचे आणि अंतराचे. खेळ कळत नसताना एजंट मंडळींचा सल्ला ऐकला, आणि पाच हजार मैलांवरून निर्णय घेतले, तेही चाहत्यांशी वर्षानुवर्षे न बोलता. 2023 पासून तर परकीय चलनाच्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन परवानगी घ्यावी लागली. खेळाडू घ्यायचा की नाही, हे लँकेशायरमधल्या माणसाने दिल्लीतल्या तारखेवर सोडायचे! त्यांचा संताप मला समजतो. आणि त्यात मालकाच्या वंशाचा किंवा देशाचा मुद्दा मुख्य नाही. शेजारच्या ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी आपल्या इंग्रज मालकाविरुद्ध अनेक वर्षे घरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला होता.

"गावचा मालक म्हणजे क्लब सुरक्षित"

बेरीला विचारा. 1885 मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब डिसेंबर 2018 मध्ये एका इंग्रज व्यावसायिकाने 1 पौंडाला घेतला. पुढच्या ऑगस्टमध्ये देणी भागवता न आल्याने लीगने त्याला काढून टाकले. उलट लेस्टर बघा. थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी 2010 मध्ये हा क्लब घेतला, कर्ज माफ केले, स्थानिक रुग्णालयाला देणगी दिली. 2016 मध्ये 5000 ला 1 असा भाव असलेला त्यांचा संघ लीग जिंकला. 2018 मध्ये स्टेडियमबाहेर हेलिकॉप्टर कोसळून ते गेले, तेव्हा अख्खे शहर फुले घेऊन आले. पैसा टाकला की चषक येतोच असेही नाही. फरहाद मोशिरी यांनी 2016 पासून एव्हर्टनवर अफाट खर्च केला आणि हाती आली गुणकपात.

"मालक झाला की काहीही करता येते"

बऱ्याच अंशी हे खरे होते. वेल्समधला पण इंग्लिश लीगमध्ये खेळणारा कार्डिफ सिटी 'ब्लूबर्ड्स' म्हणून ओळखला जातो. मलेशियाच्या व्हिन्सेंट टॅन यांनी 2012 मध्ये त्याची जर्सी लाल केली. चाहत्यांच्या रेट्यापुढे 2015 मध्ये निळा रंग परत आला. हल सिटीचे नाव 'हल टायगर्स' करायचा असेम अल्लाम यांचा प्रस्ताव मात्र 2014 मध्ये फुटबॉल असोसिएशनने फेटाळला. अल्लाम जन्माने इजिप्तचे, पण हलमध्येच अनेक दशके राहिलेले. म्हणजे गावात राहिल्याने गाव कळतेच असे नाही.

मालकांची पात्रता तपासणारी कसोटी 2004 पासून होती, पण ती लावणार कोण, तर क्लबांचीच लीग. 2009-10 च्या एका हंगामात पोर्ट्समथचे चार मालक झाले आणि प्रीमियर लीगमध्ये असताना दिवाळखोरीच्या प्रशासनात गेलेला तो पहिला क्लब ठरला. त्याला 2013 मध्ये वाचवले ते चाहत्यांच्या ट्रस्टने, वर्गणी काढून.

एप्रिल 2021 मध्ये सहा मोठ्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली आणि चाहते रस्त्यावर उतरले. दोन दिवसांत ती योजना कोसळली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून जुलै 2025 मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. आता वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आहे. खेळायला परवाना लागेल. मालकाचा पैसा कुठून आला हे नियामक तपासेल आणि नालायक ठरलेल्या मालकाला क्लब सोडायला लावू शकेल. मैदान विकायला त्याची मंजुरी हवी, आणि बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. मालक कुठल्या देशाचा असावा याबद्दल या कायद्यात एकही अट नाही.