उकिडवं बसू देणारा पाय

कृत्रिम पाय चालण्यासाठी असतो, हे उघड आहे. पण आपल्याकडे माणूस पायांनी नुसता चालत नाही. तो भांगलणीला उकिडवा बसतो, पंगतीत मांडी घालतो, देवळात अनवाणी जातो, चिखलात उतरतो. १९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आलं की, रुग्ण बसवून दिलेला पाय घरी नेतात आणि कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेतात. दोष रुग्णांचा नव्हता. तो पाय बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी घडवलेला होता.

कुठे अडत होतं हे कळायला खऱ्या पावलाकडे पाहावं लागतं. एका पावलात २६ हाडं असतात. म्हणजे दोन्ही पावलं मिळून शरीरातल्या २०६ हाडांपैकी ५२. घोट्यात नडगीचं आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून वरून एक खाच तयार होते. सुताराने कूस बसवावी तसं तीत टॅलस हे हाड बसतं. शरीराचा भार याच हाडातून टाचेकडे आणि चवड्याकडे वाटला जातो, तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. उकिडवं बसताना नडगी पुढे झुकते, तेव्हा त्याची रुंद बाजू खाचेत घट्ट बसते आणि घोटा स्थिर होतो. पिढ्यानपिढ्या उकिडवं बसणाऱ्यांच्या नडगीवर आणि टॅलसवर या बैठकीच्या सपाट खुणाही सापडतात.

घोटा पाऊल वरखाली करतो. पाऊल आत-बाहेर कलतं ते त्याच्या खालच्या, टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सांध्यामुळे. ढेकळावर पाय पडला तर तोल तिथेच सावरतो आणि मांडी घालताना तळवाही तिथेच वळतो.

त्या काळी वापरात असलेल्या ‘सॅच’ पावलात टाच मऊ असे, पण घोट्यापासून चवड्यापर्यंत लाकडाचा कडक गाभा जाई. पाऊल वर वळायला जागाच नव्हती. असा पाय लावून उकिडवं बसायला गेलं की टाच उचलली जाई आणि माणूस मागे कलंडे. शिवाय वर बूट हवाच.

सेठींना साथ मिळाली रामचंद्र शर्मांची. रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवणारे, शाळा फारशी न शिकलेले हे कारागीर ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जात. टायर रिमोल्ड करणाऱ्याकडचं रबर पाहून त्यांना वाट सापडली, असं सांगतात. सबंध रबराचं पाऊल फार जड झालं. मग त्यांनी लाकडाचा गाभा तोडून फक्त घोट्यापुरता ठेवला आणि १९६८ च्या सुमाराला आजचं रूप आकाराला आलं.

हे पाऊल उभं कापून पाहिलं की युक्ती दिसते. लाकडाचा ठोकळा फक्त घोट्यापाशी आणि त्यात पाय जोडायचा बोल्ट. टाच आणि चवडा हलक्या, बारीक छिद्रांच्या रबराचे. हे तिन्ही भाग टायरमध्ये वापरतात तसल्या दोऱ्याच्या रबरी पट्ट्यांनी बांधायचे, वर कातडीच्या रंगाचं रबर चढवायचं आणि साच्यात घालून भाजायचं. मधला कडकपणा गेल्याने पाऊल वर वळतं, आत-बाहेर कलतं, थोडं पिळलंही जातं. म्हणजे या पावलात घोट्याचा सांधाच नाही. त्याचं काम रबराचा लवचीकपणा करतो. बोटं असल्याने ते अनवाणी वापरता येतं आणि पाण्यालाही दाद देत नाही.

सेठींनी त्याचं पेटंट घेतलं नाही. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय मोफत बसवायला सुरुवात केली. उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, तापवलेला एचडीपीई प्लॅस्टिकचा पाईप त्यावर चढवून आकार द्यायचा, खाली पाऊल जोडायचं. आलेला माणूस बहुधा लवकरच चालत परत जातो. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ मध्ये अपघातात पाय गमावल्यावर हाच पाय लावून पुन्हा रंगमंच गाठला; ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यात मास्टरजींचं नाव नव्हतं.

उणिवा आहेतच. पाऊल हातांनी घडतं, त्यामुळे प्रत्येकाचा दर्जा सारखा राहत नाही. ते जड आहे, काही वर्षांत झिजतं आणि पळताना कार्बनच्या पात्यासारखी उसळी देत नाही. तरीही जमिनीवर जेवणाऱ्या, बांधावर बसणाऱ्या माणसाला आधी हवी असते ती बैठक. पळण्याचा वेग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ही गरज दिसणं कठीण होतं. ज्या वॉर्डात रुग्ण कुबड्या घेऊन परत येत होते, तिथे ती डोळ्यांसमोरच होती.