माळ्यावरचा वॉकर खाली काढू नका

आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा लहान मुलांच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तळमजल्याच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या आणि त्यावर झबली, दुपटी, बाबागाड्या, तीनचाकी सायकली, पुठ्ठ्याची पुस्तकं, एकेकच दिवस वापरलेले बारशाचे फ्रॉक असं सगळं मांडायचं. कुणी थोडे पैसे घेतं, कुणी तसंच देऊन टाकतं. मोठ्या मुलीच्या वेळेपासून मी मांडणीला असते. आता धाकटा सव्वा वर्षाचा आहे आणि मांडलेलं सगळं तो एकेक करून उचलून दाराबाहेर नेऊन ठेवतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. दार उघडलं की पहिला प्रश्न येतो, "वॉकर आलाय का?"

यंदा आला होता. गोल, निळा, पुढे गाण्यांची बटणं असलेला. देणाऱ्या काकूंनी अभिमानानं सांगितलं, की तो आधी त्यांच्या बहिणीकडे होता, मग पुतणीकडे, मग नातवाला झाला. चार मुलं त्यात "चालायला शिकली". मी तो मांडला नाही. त्यावरून बरीच बोलाचाली झाली. तिथे गडबडीत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

वॉकरमुळे मूल लवकर चालायला लागतं हा समज खोटा आहे. थोडासाही खरा नाही. पुढच्या दोन पाहण्या तर उलट दिशेला जातात. अमेरिकेत सीगल आणि बर्टन या संशोधकांनी 109 बाळांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध केला. वॉकर वापरलेली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला वॉकर न वापरलेल्या बाळांपेक्षा उशिरा लागली. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयर्लंडमधल्या 190 बाळांची पाहणी आली. वॉकरमध्ये घालवलेल्या दर 24 तासांमागे आधाराशिवाय उभं राहणं सुमारे 3.7 दिवसांनी आणि एकट्यानं चालणं सुमारे 3.3 दिवसांनी लांबलेलं दिसलं. रोज तासभर असं दोन महिने बाळाला त्यात ठेवलं, तर हिशेब आठवड्याच्या थोडा पुढे जातो. आठवडाभराचा उशीर हे काही संकट नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्या फायद्यासाठी आपण ती वस्तू शोधत फिरतो, तो फायदाच तिच्यात नाही, हे त्यातून दिसतं.

असं का होतं, हे बाळाकडे दोन मिनिटं नीट पाहिलं तरी कळेल. वॉकरमध्ये बाळ उभं नसतं, कापडी बैठकीत लटकलेलं असतं. वजन बैठक पेलते, पाय फक्त चवड्यांनी जमीन मागे रेटतात. चालण्यात अवघड काय असतं? एका पायावर क्षणभर सगळा भार तोलणं. नेमकं तेवढंच त्यात करावं लागत नाही. शिवाय पुढच्या ट्रेमुळे बाळाला स्वतःचे पायच दिसत नाहीत. पाय हलवला की काय होतं, तोल कधी जातो, तो सावरायला हात कुठे टेकायचा, हे ज्यातून शिकायचं ते सगळं त्या गोल चौकटीबाहेर राहतं. जमिनीवर सोडलेलं मूल पडतं, आणि पडणं हाच त्याचा अभ्यास असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांच्या गटानं एक ते दीड वर्षाची मुलं मोकळेपणी खेळताना मोजली. तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं, असा आकडा 2012 साली त्यांनी दिला. तासाला सतरा वेळा! धाकट्याचं चालण्याच्या पहिल्या महिन्यातलं धडपडणं आठवलं, की हा आकडा मला जरासुद्धा जास्त वाटत नाही.

मग त्या काकूंची चार मुलं? ती चाललीच असती. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहून 2006 साली वाढीचे टप्पे जाहीर केले. त्यात एकट्यानं चालायला लागण्याचा काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. आपण वॉकर आणतो सातव्या-आठव्या महिन्यात. बाळ चालायला लागतं बाराव्या-तेराव्यात, जसं ते एरवीही लागलं असतं. श्रेय मात्र वॉकरला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, इतकीच ही गोष्ट आहे.

घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आपल्या भाषेत आहे. पुष्कळ घरांत या वॉकरलाच पांगुळगाडा म्हणतात. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून पांगुळगाडा आहे, तुम्ही आजकालच्या मुली काय सांगता," हे मला त्या दिवशी दोनदा ऐकावं लागलं. पण आजोबांचा पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांचा लाकडी गाडा. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांतून फिरलं, तर त्याची रचना हातात घेऊन बघता येते. बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं, दांडी धरतं आणि ढकलतं. वजन त्याचं, तोल त्याचा, दमलं तर मटकन खाली बसायची मुभाही त्याची. बैठक नाही, लटकणं नाही. नाव एक झालं म्हणून या दोन वस्तू एक होत नाहीत. तो लाकडी गाडाही गुळगुळीत फरशीवर पुढे पळतो, तेव्हा जवळ बसायला हवंच. पण तो कुणी विकायला आणला, तर मी आनंदानं मांडेन.

इथपर्यंत फक्त उशिराची गोष्ट झाली. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. "आम्ही लक्ष ठेवतो ना," असं सगळे म्हणतात. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपण ओट्यापाशी वळून पाहीपर्यंत ते दारात पोचलेलं असतं. त्याच संघटनेच्या नियतकालिकात 2018 साली आलेल्या अभ्यासानुसार 1990 ते 2014 या काळात अमेरिकेत 15 महिन्यांखालच्या 2,30,000 हून अधिक बाळांना वॉकरच्या अपघातांमुळे तातडीच्या उपचार विभागात आणावं लागलं. त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश जिन्यावरून कोसळली होती. दहातल्या नऊ दुखापती डोक्याला किंवा मानेला होत्या. आणि यातले बहुतेक अपघात मोठं माणूस जवळ असताना होतात, हेही ती संघटना स्पष्टपणे सांगते.

"आमच्या घरात जिना नाही," हे त्यावरचं उत्तर मला तोंडपाठ आहे. घरात जिना नसला तरी दाराबाहेर आहे, आणि उकाड्याच्या दिवसांत आपली दारं उघडी असतात. न्हाणीघराची फरशी एक पायरी खाली असते. उंबरठ्याला चाक अडकलं की बाळासकट वॉकर पुढे उलटतो. एरवी जमिनीवर रांगणाऱ्या बाळाचा हात जिथे पोचत नाही, तिथे वॉकरमधून उभ्यानं पोचतो. टीपॉयवरचा चहा, देवघरातली तेवती समई, इस्त्रीची लोंबती वायर, गॅसवरच्या कढईची बाहेर आलेली मूठ.

कॅनडानं 7 एप्रिल 2004 रोजी वॉकरच्या विक्री, आयात आणि जाहिरातीवर पूर्ण बंदी घातली. तिथे 1989 पासूनच उत्पादकांनी आपणहून विक्री थांबवायचं ठरवलं होतं. तरी अपघात थांबले नाहीत, कारण जुने वॉकर एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिले. म्हणून बंदीत वापरलेल्या वॉकरची विक्रीही आली. अंगणात मांडलेल्या घरगुती विक्रीतही तो तिथे ठेवता येत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुन्हा वापरता येणार नाही असा मोडून फेकावा, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. आमच्या त्या निळ्या वॉकरचा घराघरांतला प्रवास ऐकताना मला हेच आठवत होतं. दुकानातला वॉकर एका बाळाच्या वाट्याला येतो, आणि आपण प्रेमानं पुढे दिलेला वॉकर चार बाळांच्या.

एक आई मात्र रागावली नाही, फक्त म्हणाली, "मग मी भाकऱ्या कधी करू?" हा प्रश्न खरा आहे. वॉकर विकत घेतला जातो तो पुष्कळदा चालणं शिकवायला नव्हे, आईचे हात वीस मिनिटं मोकळे व्हावेत म्हणून. त्याची तिला लाज वाटायचं काही कारण नाही. पण त्यासाठी चाकं कशाला हवीत? जाड गोधडी, त्यावर डाव, झाकणं, वाट्या, रिकामे डबे, आणि स्वयंपाकघराच्या दाराला आडवं फाटक. कुंपणासारखं चौकोनी खेळघर मिळालं तर उत्तम. ते जुनं घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त जाळी फाटलेली आणि खिटी सैल नसावी. उभं राहायला आधार हवा असेल, तर जड लाकडी स्टूल किंवा पलंगाची कड पुरते.

बाजारात कानावर येणारे बाकीचे समज लहान आहेत, ते पटकन संपवते. दुसऱ्याच्या मुलाचं उतरलेलं झबलं आपल्या बाळाला घालणं अशुभ असतं म्हणतात. आपल्याकडे तर तान्ह्याला पहिल्यांदा जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालायची रीत आहे. आजीच्या नऊवारीची दुपटी याच शहाणपणातून निघाली. उतरलेल्या कपड्यांतून रोग येतात, अशी भीती असेल तर ते कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. खरजेचे किडेसुद्धा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. जे धुता येत नाही, ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा.

याच्या अगदी उलटा समज म्हणजे "जुनं ते दणकट". पाळण्याच्या लाकडाबद्दल हे खरं असेल, रंगाबद्दल नाही. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा, पोपडे सुटलेला रंगीत पाळणा दात येणाऱ्या बाळाला चघळायला देऊ नका. तो घरात बाळासमोर घासतही बसू नका, ती धूळच जास्त वाईट. कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, तर तो पाळणा सोडून द्या. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. त्याआधीचं सगळंच वाईट होतं असं नाही, पण बटणासारखा सेल असलेलं खेळणं स्क्रूनं बंद होत नसेल तर घेऊच नका. तो गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

गाडीतली मुलांची सीट जुनी चालते का? ओळखीच्या घरातली, अपघात न पाहिलेली आणि मुदत न संपलेली असेल तर चालते. एकदा अपघात झालेली सीट फुकटही नको. "आपल्याकडे त्याचा कायदाच नाही," हेही चूक. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 194 ब आलं आणि 14 वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर एक हजार रुपये दंड आहे.

राईच्या उशीनं डोकं गोल होतं, असं सांगून ती उशीही पुढे दिली जाते. झोपलेल्या तान्ह्या बाळापाशी कुठलीही उशी नको. डोक्याला आकार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं 2022 साली दिला आहे.

आणि "रांगलंच नाही, थेट उभं राहिलं, काहीतरी बिघडलंय," ही काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पाहणीत 4.3 टक्के निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती. काळजी करायची ती अठरा महिने उलटूनही मूल एकट्यानं चालत नसेल तर. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा, वॉकरच्या शोधात नाही.

त्या निळ्या वॉकरचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. काकूंशी अर्धा तास बोलणं झालं. शेवटी त्यांच्याच नातवानं पेचकस आणला. आम्ही आठही चाकं काढली, बैठकीचं कापड कापलं आणि प्लास्टिक भंगारवाल्याला दिलं. गाण्यांच्या बटणांची पट्टी धड होती, तिच्या सेलचं झाकण स्क्रूचं होतं, ती आम्ही पुसून सतरंजीवर ठेवली आणि दहा मिनिटांत कुणीतरी घेऊन गेलं. तुमच्या माळ्यावर एखादा वॉकर असेल, तर तोही असाच मोडा. अख्खा कुणाला देऊ नका, मागायला घरातलं माणूस आलं तरी.