खाण आणि गाव (भाग ५) : कंत्राट कोणाला, पैसे कधी?

मागच्या आठवड्यात आपण खाणीतल्या नोकऱ्यांचा विचार केला. पण बहुतेक मोठ्या खाणी पगारापेक्षा खरेदीवर जास्त खर्च करतात : डिझेल, टायर, कामगारांचं जेवण, वाहतूक, कुंपणं, दुरुस्ती. हा पैसा गावात थांबतो की थेट शहरात जातो, हा आजचा विषय.

लोहखनिजासाठी प्रसिद्ध असलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागात फोर्टेस्क्यू कंपनीने २०११ साली 'बिलियन ऑपॉर्च्युनिटीज' हा कार्यक्रम सुरू केला. ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या मालकीच्या कंपन्यांना आणि त्यांच्या भागीदारीतल्या उद्योगांना २०१३ अखेरपर्यंत एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची कंत्राटं द्यायची, हे उद्दिष्ट होतं. मुदतीआधीच ते गाठलं गेलं. ही मदत देणगीच्या खात्यातून झाली नाही. खाणीला लागणारं कामच स्थानिकांकडून करून घेतलं गेलं.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. एक साधं काम घ्या. खाणीतल्या कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवायला सतत पाणी मारावं लागतं. हे कंत्राट घेणाऱ्या छोट्या उद्योजकाला आधी टँकर घ्यावा लागतो. मग विमा, सुरक्षा प्रशिक्षण, डिझेल. चालकाचा पगार वेळेवर द्यायचा, बिल मात्र महिन्या-दोन महिन्यांनी निघणार. सामूहिक जमिनीवर सहसा कर्ज मिळत नाही, त्यामुळे बँक तारण मागते तिथेच गाडं अडतं. कौशल्य आहे, काम आहे, हातात खेळतं भांडवल नाही.

मोठी कंपनी खरी मदत करू शकते ती इथे. फोर्टेस्क्यूने एएनझेड बँकेशी करार करून ॲबोरिजिनल कंत्राटदारांच्या यंत्रखरेदीसाठी स्वतः हमी दिली. बीएचपी या खाणकंपनीने मार्च २०२० मध्ये, कोविडच्या काळात, छोट्या, स्थानिक आणि ॲबोरिजिनल पुरवठादारांची बिलं ३० ऐवजी ७ दिवसांत चुकती करायचं जाहीर केलं. तिसरा उपाय म्हणजे कंत्राटाचे तुकडे पाडणं. शंभर गाड्यांचं एकच टेंडर निघालं तर गावातला माणूस ते भरूच शकत नाही. पाच गाड्यांचं निघालं तर भरतो.

यात पळवाटाही आहेत. कागदावर ॲबोरिजिनल मालक दाखवून नफा भलत्यानेच लाटायचा, हा प्रकार ऑस्ट्रेलियात घडतो. म्हणून 'सप्लाय नेशन' ही संस्था प्रमाणपत्र देताना किमान ५१ टक्के मालकीबरोबरच व्यवस्थापन आणि नियंत्रणही त्याच समाजाच्या हाती आहे का, हे तपासते.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कंत्राटं दिली म्हणून जमिनीचा प्रश्न सुटत नाही. फोर्टेस्क्यूच्या सॉलोमन खाणींचा भाग यिंदजीबार्न्डी लोकांच्या भूमीत येतो. त्या भूमीवरचा त्यांचा अनन्य हक्क २०१७ साली न्यायालयाने मान्य केला. तो त्यांना कंपनीशी वर्षानुवर्षं लढून मिळवावा लागला. संमती आधी, कंत्राट नंतर, हाच क्रम योग्य.

आपल्याकडे कायदा आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, त्यात एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असा नियम आहे. नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सलाही तो लागू होतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा पुरवठादारांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. गडचिरोलीतल्या सुरजागडसारख्या खासगी खाणींना मात्र खरेदीचा हा वाटा बंधनकारक नाही. तिथे तो करारातूनच मिळवावा लागेल.

म्हणून खाणीच्या जनसुनावणीत नोकऱ्यांचा आकडा विचारून थांबू नका. तीन प्रश्न आणखी विचारा : कोणती कामं गावातून घेणार? यंत्रासाठी हमी कोण देणार? बिल किती दिवसांत मिळणार? आणि उत्तरं लेखी घ्या.